मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ घरबसल्या कसा काढायचा

आमच्या काकूंना मुलाने न्यू जर्सीहून तिकीट पाठवलं, तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "मुंबई रात्री दोन, न्यूयॉर्क सकाळी सात पंचावन्न. अगं, सहाच तास? मग सगळे उगाच घाबरवतात." काका म्हणाले पंधरा तास. शेजारच्या आजोबांनी वर्षभरापूर्वीच्या अनुभवावरून ठणकावून अठ्ठावीस सांगितले. गंमत म्हणजे तिघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं. काकू घड्याळातला फरक सांगत होत्या, काका विमानातला वेळ आणि आजोबा पुण्यातल्या कोथरूडच्या दारापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दारापर्यंतचा.

घरातल्या परदेशी तिकिटांचं खातं माझ्याकडे असल्यामुळे हा हिशोब मी कित्येकदा केला आहे. मुंबई-न्यूयॉर्कचंच उदाहरण घेऊन तो पायरीपायरीने मांडते. हीच रीत सिडनी, टोरोंटो, लंडन कुठल्याही गावाला चालते.

पायरी १: अंतर नकाशावर नाही, गोलावर मोजा

भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. विमानाचा जवळचा रस्ता तो नव्हे. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे, आणि सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला गेला आहे.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणा आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो. कच्छच्या रणावरून क्वेट्टा, कंदाहार, मग तुर्कमेनिस्तान-कझाकस्तान, मॉस्को जवळजवळ पायाखाली, हेलसिंकीच्या जरा उत्तरेकडून आइसलंड, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला चाटून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. मुंबईहून निघताना विमानाचं नाक पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त असायला हवं, हे पहिल्यांदा दोऱ्यावर बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. या रेषेला 'ग्रेट सर्कल' म्हणतात.

आता दोऱ्यावर दोन्ही टोकांना खूण करा आणि तो फूटपट्टीवर ठेवा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर होतो आणि खऱ्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. गुणाकार करा, साडेबारा हजार किलोमीटर येतात.

ज्यांना त्रिकोणमितीची भीती नाही त्यांच्यासाठी पक्कं गणितही देते. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचं जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज उणे ०.३८६ येते. कॅल्क्युलेटरवर तिचा उलटा कोसाइन काढला की ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी जराशी चपटी असल्यामुळे वेगवेगळ्या साइटवर वीस-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतील. त्यावरून कुणाशी वाद घालू नका.

दोरा किंवा साइन-कोसाइन यातलं काहीच नको असेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' नावाच्या साइटवर विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाका, किंवा गूगल अर्थमधली मोजपट्टी वापरा. फक्त एकक बघा. हेच अंतर १२,५३० किलोमीटर, ७,७९० मैल किंवा ६,७७० नॉटिकल मैल असं तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात आणि तो साध्या मैलापेक्षा मोठा असतो, १.८५२ किलोमीटरचा. एका साइटचे मैल दुसरीकडच्या नॉटिकल मैलांशी ताडून "इथला रस्ता हजार मैलांनी लांब" असं म्हणणारे मी पाहिले आहेत.

एक जाता जाता. सॅन फ्रान्सिस्को न्यूयॉर्कपासून चार हजार किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आहे, म्हणून बे एरियातल्या मुलीकडे जायचं म्हणजे मुंबईहून तेवढंच जास्त असणार असं वाटतं. पण मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा हजारभरच जास्त. गोलावर दोरा ताणून बघा, कारण लगेच कळतं. तो रस्ता ध्रुवाच्या आणखी जवळून जातो.

पायरी २: किलोमीटरचे तास करा

या मार्गावर उडणारी बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३५० सारखी मोठी विमानं उंचीवर पोचली की साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातात. पण १२,५३० भागिले ९०० असं करून चौदा तास सांगितले तर उत्तर कमी येतं. चढायला-उतरायला वेळ जातो, मुंबईला धावपट्टीसाठी रांग लागते, न्यूयॉर्कला उतरल्यावर विमान बराच वेळ जमिनीवरच फिरत असतं. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतच्या या काळाला 'ब्लॉक टाइम' म्हणतात.

माझा घरगुती ठोकताळा असा: पश्चिमेकडे जाताना अंतराला ८५० ने भागा, पूर्वेकडे परतताना ९५० ने, आणि दोन्हीकडे पाऊण तास मिळवा. मुंबई-न्यूयॉर्क जाताना साडेपंधरा तास येतात, परतताना चौदा. नॉनस्टॉप तिकिटांवर दिसणारे आकडे याच्या आसपासच असतात.

जाताना जास्त आणि येताना कमी का, हे दरवेळी कुणीतरी विचारतं. "पृथ्वी खालून फिरते म्हणून" हे आमच्याकडचं लोकप्रिय उत्तर आहे आणि ते चूक आहे, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतच असतं. खरं कारण जेट प्रवाह. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा पट्टा हिवाळ्यात जास्त जोर धरतो. अमेरिकेकडे जाताना तो छातीवर येतो, परतताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्या उड्डाणाला साडेसहा-सात तास लागतात. इंजिन तेच होतं, ढकलणारा वारा वेगळा.

पायरी ३: बंद हवाई हद्दी लक्षात घ्या

दोऱ्याने दाखवलेला रस्ता कागदावरचा आहे. त्यावर पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया येतात आणि इथेच राजकारण हिशोबात शिरतं. फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. भारतीय कंपन्यांवर रशियाची ही बंदी नव्हती. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हद्द बंद केली आणि चक्र उलटं फिरलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना वाटेत व्हिएन्नाला तेल भरायला उतरावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये इराणची हद्द बंद झाली, तेव्हा आखाताच्या बाजूचं सगळंच वेळापत्रक विस्कटलं.

मुंबईकरांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. मुंबई आधीच दक्षिणेला आणि समुद्राकाठी असल्यामुळे पाकिस्तान टाळायला अरबी समुद्रावरून जाणं दिल्लीइतकं महाग पडत नाही. तरी वळसा पडतोच.

म्हणून वर्षभरापूर्वी कुणाला किती वेळ लागला यावर जाऊ नका. तुमच्या उड्डाणाचा क्रमांक फ्लाइटरडार २४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाका आणि गेल्या आठवड्यात ते विमान प्रत्यक्ष कधी सुटलं, कधी टेकलं, कुठून गेलं ते बघा. सात दिवसांच्या नोंदी पाहिल्या की तिकिटावरचा वेळ कितपत खरा आहे ते कळतं. शिवाय ते नॉनस्टॉप उड्डाण अजून चालू आहे की नाही, हेही.

पायरी ४: घड्याळाचा घोळ सोडवा

काकूंचे सहा तास इथून आले. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची न्यूयॉर्कची. दोन्ही एकाच घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही.

भारत आणि न्यूयॉर्क यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहाचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. आपण काहीच करत नाही. नेमका तो अर्धा तास लोक विसरतात, कारण जगातल्या बहुतेक देशांचा फरक पूर्ण तासांत असतो आणि आपला नसतो.

आता काकूंचं तिकीट घेऊ, तारीख १५ जुलै. पोचायची वेळ सकाळी ७:५५. त्यात ९:३० मिळवले की भारतात संध्याकाळचे ५:२५ होतात. रात्री दोनपासून ५:२५ पर्यंत पंधरा तास पंचवीस मिनिटं. हेच आकडे जानेवारीच्या तिकिटावर असते तर फरक साडेदहाचा धरून सोळा तास पंचवीस मिनिटं झाली असती. वेळा त्याच आणि विमानात तासभर जास्त.

परतीला उलट. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघून मुंबईत सकाळी ११:०० ला, आणि शेजारी बारीक अक्षरात '+१'. तो '+१' वाचला नाही तर विमान निघण्याआधीच पोचलं असं दिसेल. साडेअकरात साडेनऊ मिळवा, भारतात रात्रीचे नऊ. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चौदा तास.

याच पायरीवर सगळ्यात महागडी चूक होते आणि ती आमच्याच घरात झाली आहे. काकांच्या आधीच्या एका प्रवासात विमान १५ तारखेला पहाटे १:४० चं होतं. १५ तारखेला संध्याकाळी पाचला बॅगा गाडीत चढल्या, दारात दही-साखर झाली, आणि रात्री दहाला विमानतळावरच्या जवानाने तिकीट बघून विचारलं, "काका, हे आज पहाटेचं होतं ना?" ते विमान त्याच पहाटे गेलेलं होतं. नवं तिकीट किती पडलं ते काका अजून कुणाला सांगत नाहीत. तेव्हापासून आमच्या घरी मध्यरात्र ते पहाटे चार यांमधल्या विमानाची तारीख कॅलेंडरवर लिहीतच नाही. आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहितो, "आज संध्याकाळी निघायचं". तुम्हीही तसंच करा.

पायरी ५: एक थांबा घ्यायचा की नाही

आधी एक शब्द. 'नॉनस्टॉप' म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. 'डायरेक्ट' म्हणजे उड्डाण क्रमांक तोच, पण मध्ये उतरू शकतं. बुकिंगवाला डायरेक्ट म्हणाला की "मध्ये टेकतं का?" असं सरळ विचारा.

वाटेत थांबलं की पुष्कळ वळसा पडतो, असा समज आहे. आकडे काढून बघा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज १२,९३०, म्हणजे सरळ रस्त्यापेक्षा चारशेच जास्त. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५०. जादा फक्त सव्वादोनशे. इतक्या लांबच्या प्रवासात रेषेपासून बरंच बाजूला गेलं तरी एकूण अंतर फारसं वाढत नाही. पुण्याहून नागपूरला जाताना नगरवरून गेलं काय आणि थोडं बाजूने गेलं काय, तसंच.

मग वेळ जातो कुठे? जमिनीवर. समजा मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालात. दुबई तीन तास, तिथले सकाळचे सहा. अडीच तास थांबून ८:३० चं विमान, चौदा तास, न्यूयॉर्क दुपारी २:३०. भारतात तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात, एकूण साडेएकोणीस तास. नॉनस्टॉपपेक्षा चार तास जास्त, आणि त्यातला विमानाच्या वळशाचा वाटा अर्धाच तास.

तरीही सत्तरीच्या जोडप्याला मी पुष्कळदा एक थांबाच सुचवते. गुडघे आखडलेल्या माणसाला मध्ये अडीच तास चालायला मिळणं ही चैन नाही. मात्र दीड तासापेक्षा कमी थांबा घेऊ नका आणि व्हीलचेअर मागवली असेल तर अडीच-तीन तास हवेतच. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढून पाच हजार वाचवले आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

अमेरिकेतच विमान बदलायचं असेल, म्हणजे न्यूयॉर्कहून पुढे शिकागो किंवा डॅलस, तर आणखी एक गोष्ट. ज्या अमेरिकी विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि तिथेच बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, मुंबईत "थेट शिकागोला पोचतील" असं सांगितलं असलं तरी. तिथे तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, त्यामुळे तिथला थांबा मोठा घ्या. मग न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडाल. युरोपमार्गे असाल तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर पाहून घ्या.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

आता आजोबांचे अठ्ठावीस तास. रात्री दोनच्या नॉनस्टॉपसाठी आम्ही कोथरूडहून संध्याकाळी पाचला निघतो. मुंबईचं विमानतळ दीडशे किलोमीटर, पण एक्स्प्रेस वेवर बोरघाटात शुक्रवारी संध्याकाळी काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. साडेनऊला टर्मिनल २. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोचायचं, वर घाटासाठी दीड तास राखून. पंधरा तास पंचवीस मिनिटं विमान. न्यूयॉर्कला ७:५५ ला उतरून इमिग्रेशन, बॅगा, मुलगा सापडणं, सगळं मिळून पावणेदोन-दोन तास. तिथून गाडीने एडिसन, पुलांवरच्या गर्दीवर अवलंबून दीड-दोन तास. साडेअकराला दार. भारतात रात्रीचे नऊ. आदल्या संध्याकाळच्या पाचपासून मोजा, बरोबर अठ्ठावीस.

म्हणजे विमानातला वेळ एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जरासाच जास्त. म्हणूनच न्यू जर्सीला जाणाऱ्यांनी जेएफके की न्यू जर्सीतलं नेवार्क विमानतळ, याकडे भाड्याइतकंच लक्ष द्यावं. एडिसनला नेवार्क फार जवळ आहे, सहसा अर्ध्या-पाऊण तासात घर. इकडच्या बाजूलाही तसंच. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर कोड बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे वाचायची सवय लावा. पुण्याहून येणाऱ्याला नवी मुंबई जवळ पडते, पण चुकीच्या विमानतळावर जाऊन उभं राहिलात तर वाचलेला वेळ व्याजासकट जाईल.

औषधं मात्र घड्याळावर ठेवू नका, तासांवर ठेवा. काकूंची रक्तदाबाची गोळी सकाळी आठची होती. न्यूयॉर्कचे आठ वाजायची वाट बघितली असती तर दोन गोळ्यांत जवळपास चौतीस तासांचं अंतर पडलं असतं. डॉक्टरांना प्रवासाचे तास आणि घड्याळातला फरक असे दोन्ही आकडे दाखवून गोळी कधी घ्यायची ते कागदावर लिहून घेतलं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे निघण्याच्या आठवडाभर आधीच करावं.

तो कागद मी असा केला होता: डावीकडे भारतातली वेळ, मध्ये स्थानिक वेळ, उजवीकडे "काय". संध्याकाळी ५ घर सोडणं, साडेनऊ विमानतळ, दोनला उड्डाण, असं थेट एडिसनच्या दारापर्यंत. काकूंनी तो पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला आणि विमानात शेजारच्या बाईंनाही दाखवला. परतीच्या कागदावर खाली एक ओळ जास्त आहे: "ड्रायव्हरला तारीख सांगताना एक दिवस पुढची सांगणे. दुपारी साडेबारा, टर्मिनल २."